समुद्रफेस: फेस, हाड की शिंपला?

काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेस’ मागितला तर खडूसारखा पांढरा, लांबट तुकडा मिळाला. हा खरोखर वाळलेला फेस आहे का, आणि दुकानदार त्याला ‘माशाचं हाड’ का म्हणाला, असा प्रश्न आहे.

फेस नाही, हाडही नाही. तो माकुळाच्या पाठीतला शिंपला आहे.

माकुळ मासळीबाजारात विकला जात असला तरी मासा नव्हे. तो शंख, शिंपले, गोगलगाई यांच्या कुळातला, म्हणजे मृदुकाय प्राणी, आणि त्या कुळात हाड कुणालाच नसतं. इतरांचं कवच बाहेर, याचं पाठीच्या कातडीखाली, एवढाच फरक. बाजारात ‘माकुळ’ या एका नावावर दोन प्राणी खपतात, तेवढं सांभाळा. नळीसारखा लांबट तो स्क्विड, गोव्यातली माणकी. तो साफ करताना प्लॅस्टिकसारखी पारदर्शक पात निघते, तिच्यात चुना नसतो. समुद्रफेस निघतो तो रुंद, चपट्या कटलफिशच्या अंगातून.

मग फेस का म्हटलं? तुमच्याकडचा तुकडा पाण्यात टाकून बघा, तरंगेल. एक बाजू टणक लागेल, दुसरीवर नख ओढलं की पीठ निघेल. मोडलेल्या कडेला बारीक रेघा दिसतील. त्या चुन्याच्या पातळ पडद्या. दोन पडद्यांमध्ये इवलेसे खांब आणि भोवती पोकळी. निम्म्याहून कितीतरी जास्त जागा रिकामीच. जिवंतपणी या कप्प्यांत थोडं पाणी, थोडा वायू असतो. खालच्या-मागच्या बाजूचा पडदा क्षार ओढून घेतो, क्षारांमागे पाणी बाहेर येतं, मोकळ्या जागेत वायू झिरपतो आणि प्राणी हलका होतो. पाणी परत आत आलं की जड. डेन्टन आणि गिल्पिन-ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1961 साली दाखवलं की उजेडात तो जड होतो आणि अंधारात हलका. दिवसा वाळूत दबून बसायचं आणि रात्री शिकारीला निघायचं, या दिनक्रमाला हे सोयीचंच. आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. वीण आटोपली की मरतो. मांस कुजतं, कवच लाटांवर तरंगत फेसाबरोबरच किनाऱ्याला लागतं. बघणाऱ्यानं ते फेसातूनच उचललेलं असणार!

संस्कृतातही हीच समजूत दिसते. अमरकोशात ‘हिण्डीर’, ‘अब्धिकफ’ आणि ‘फेन’ हे समानार्थी शब्द आहेत. अब्धिकफ म्हणजे समुद्राचा कफ. मला तर हा फेसापेक्षाही आवडतो. गंमत म्हणजे ही ओळ पाण्याच्या वर्णनात नाही, वैश्यवर्गात, म्हणजे वैश्यांच्या व्यवसायाशी निगडित शब्दांच्या भागात, शेंदराच्या शेजारी आहे. म्हणजे कोशकाराच्या डोळ्यांपुढे दुकानात मिळणारा जिन्नस होता, लाटेवरचे बुडबुडे नव्हेत, असं मी समजतो. जर्मन लोक धूम्रपानाच्या पाइपांसाठी कोरल्या जाणाऱ्या एका हलक्या पांढऱ्या खनिजाला ‘मेअरशाउम’, म्हणजे समुद्रफेसच, म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव सेपिओलाइट. ते समुद्रफेसाशी असलेल्या साम्यावरून, सेपिया म्हणजे माकुळ या शब्दातून आलं. जुन्या छायाचित्रांच्या तपकिरी छटेचं ‘सेपिया’ हे नावही याच प्राण्याच्या शाईवरून आलं.

आता वापराचं. समुद्रफेस आणि समुद्रफेन दोन्ही बरोबर. वैद्यकीच्या पुस्तकांत ‘फेन’ येतो, बोलण्यात ‘फेस’. दोन्ही पुल्लिंगी: समुद्रफेस उगाळला, समुद्रफेसाचं चूर्ण. शास्त्रीय लेखात एकदा ‘माकुळाचं अंतर्कवच’ असा खुलासा करून पुढे खुशाल समुद्रफेस लिहावं. ‘माशाचं हाड’ मात्र टाळा, त्यात दोन चुका आहेत. आणि दुकानात नाव नीट उच्चारा, कारण त्याच फळीवर समुद्रफळ आणि समुद्रशोकही असतात, आणि त्या दोन्ही वनस्पती.