ग्रामसभेत उघड चर्चा करून खरंच काही बदलतं का, की नुसती भांडणंच होतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावात ग्रामसभा म्हणजे आवाज चढणार, दोन गट एकमेकांवर धावून जाणार, मग कोणीतरी मधे पडणार, चहा होणार, रजिस्टरवर सह्या होणार आणि ठराव आधीच लिहून तयार असणार, तर अशा चार लोकांत केलेल्या चर्चेचा समाजाला उपयोग तरी काय. राग समजू शकतो, आमच्याकडेही बरीच वर्षं असंच चालायचं. पण मला मनापासून वाटतं की उपयोग होतो आणि दुसऱ्या कशाने होत नाही एवढा होतो, फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे चर्चेला बसताना कागद सगळ्यांसमोर उघडा पाहिजे. हिशोब, यादी, आराखडा, जे काय असेल ते मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे. कागद कपाटात आणि माणसं मैदानात असली की मग भांडणाशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही, कारण बोलायला हातात काही नसतं, मग माणूस भावकी काढतो, मागच्या इलेक्शनची खुन्नस काढतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला राजस्थानचं वाटतं. मजदूर किसान शक्ती संगठन नावाची संघटना आहे, १९९० ची, राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरी गावातून सुरू झालेली, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी. दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती, विचारलं की उत्तर यायचं, मस्टरवर तुमचं काम कमी दिसतंय. मग यांनी म्हटलं ठीक आहे, मस्टर दाखवा. सरकार म्हणालं ते गोपनीय. (मस्टर म्हणजे मजुरांच्या हजेरीचं रजिस्टर, हा शब्द आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर गेलेल्या प्रत्येक घरात तो माहीत आहे.) तर खटपटी करून त्यांनी काही पंचायतींची मस्टर आणि बिलं मिळवली आणि डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली.

केलं काय, तर गावात लोक जमवले आणि कागद वाचला. बस. अमुक कामावर अमुक माणूस इतके दिवस, इतकी मजुरी, अंगठा. आणि तो माणूस समोरच बसलेला असतो, तो उठून सांगतो की मी त्या कामावर गेलोच नाही. पुढचं नाव वाचलं की लोक म्हणतात अहो हा तर कधीच वारला. कागदावर पूर्ण झालेली इमारत, तिला छप्परच नाही, आणि हे सांगणारा माणूस रोज तिच्या समोरून जाणारा. अशा सुनावण्या नंतर गावोगाव झाल्या.

आता विचार करा, हेच काम ऑडिटर का करू शकत नाही? तो बघतो व्हाउचरवर सही आहे का, बेरीज जुळते का, आणि खोटं बिल करणाऱ्याचीही बेरीज बरोबर जुळते कारण त्याने ती जुळवूनच केलेली असते. ट्रॅक्टरच्या किती खेपा मुरूम पडला हे त्या रस्त्याकडेच्या म्हातारीला माहीत असतं, पण तिला हे माहीत नसतं की कागदावर किती खेपा लिहिल्यात. ऑडिटरकडे कागद आहे पण डोळ्याने बघितलेलं नाही, म्हातारीकडे बघितलेलं आहे पण कागद नाही, आणि हे दोन्ही एका वेळी एका जागी फक्त उघड सभेतच येतात. माझ्या मते चर्चेचा खरा उपयोग इथे आहे. आपण नेहमी मतस्वातंत्र्य वगैरे मोठं बोलतो, तेही बरोबरच आहे, पण गावपातळीवर लोकांकडे मतापेक्षा माहिती जास्त असते आणि ती माहिती बाहेर यायला जागा लागते.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल, 'हमारा पैसा, हमारा हिसाब' म्हणत १९९६ ला ब्यावर शहरात ४० दिवस धरणं झालं, ती मागणी देशभर पसरली आणि २००५ ला माहितीचा अधिकार कायदा आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तर कलम १७ ने ग्रामसभेनेच कामांचं सामाजिक अंकेक्षण (म्हणजे कामांची आणि हिशोबाची लोकांनीच करायची तपासणी) करायचं असं लिहूनच टाकलं. म्हणजे राजस्थानातल्या एका गावात कागद वाचून दाखवला तिथून सुरू झालेली गोष्ट दहा-अकरा वर्षांत देशाचा कायदा झाली. चर्चेने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा. गोंड आदिवासींचं छोटं गाव, शंभराच्या आसपास घरं. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची, गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. घोषणा सगळ्यांना पाठ आहे पण त्यांची पद्धत फार कमी लोक नीट बघतात, आणि मला ती घोषणेपेक्षा मोठी वाटते. त्यांच्याकडे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात बसून नुसती चर्चा करायची, कायदा काय म्हणतो, जंगलाचं काय होतंय, दारूचं काय करायचं, बाहेरचा माणूसही तिथे येऊन बसू शकतो, बोलू शकतो. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि परत बोलायचं.

आपल्या ग्रामसभेत भांडणं का होतात याचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. आपल्याकडे विषय कळतो सभेत, चर्चा होते सभेत, हात वर होतात त्याच सभेत, सगळं दोन तासांत. त्यामुळे ज्याला काही समजून घ्यायचंय तोही प्रश्न विचारला की लगेच विरोधक ठरतो. एखाद्याने विचारलं की ही पाण्याची टाकी तिकडे का, इकडे का नाही, तर ते नुसतं विचारणं राहत नाही, तो मत फोडतोय असं होतं. निर्णयाचं ओझं नसलेली एखादी बैठक आधी झाली तर तोच माणूस तोच प्रश्न विचारेल आणि कोणाला राग येणार नाही.

आणि या अभ्यासाचं फळ काय, तर वनहक्क कायदा आल्यावर २००९ ला मेंढा लेखाला सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांमध्ये. मग अडलं बांबूवर. वनखातं बांबूला जुन्या १९२७ च्या कायद्याप्रमाणे झाड धरत होतं आणि वाहतूक पास द्यायला तयार नव्हतं, गाव म्हणत होतं की २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू) म्हणून स्पष्ट लिहिलाय. एवढ्याशा गावाने खात्याला कायद्यातलं वाक्य दाखवलं! शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि वाहतूक पासांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. वर्षानुवर्षं बसून बोलल्याशिवाय हे झालं नसतं.

कोणी म्हणेल शंभर घरांचं गाव आहे, आमच्या पाच हजार वस्तीच्या गावात सर्वसहमती कशी व्हायची. बरोबर आहे, मीही मोठ्या गावात सर्वसहमतीचा आग्रह धरणार नाही, एखादा मुद्दाम अडवणारा निघतोच. पण आधी वॉर्डसभेत चर्चा आणि नंतर ग्रामसभेत निर्णय एवढं वेगळं करायला काहीच अडचण नाही, वॉर्डसभा कायद्यातच आहे, कोणी घेत नाही हा भाग वेगळा. हिवरे बाजारलाही बघा, नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, पर्जन्यछायेतलं गाव. सरपंच पोपटराव पवारांच्या काळापासून तिथे दरवर्षी पाऊस किती झाला, पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. शेतकऱ्याला ऊस लावू नको म्हणणं किती अवघड आहे हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसालाच कळेल, ते आकडा समोर असल्याशिवाय कोणी ऐकलं नसतं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट, की सभेला येतं कोण. आमच्या गावात ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात व्हायची, सकाळी अकराला, ऐन सोयाबीन काढणीत. मजुरीला जाणारा माणूस त्या वेळी येऊच शकत नाही. बायका आल्या तर दाराशी उभ्या राहणार, दलित वस्तीतली माणसं मागे पायरीवर. मग कोरम भरत नाही (कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते), सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! मग त्या सभेत दहा-पंधरा माणसं बसून काय वाट्टेल ते मंजूर करतात, कागदोपत्री मात्र गावाने ठरवलं. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. ज्यांच्याबद्दल निर्णय आहे तेच नसतील तर ती खुली चर्चा म्हणायचीच कशाला.

आमच्याकडे फरक पडला तो महिला सभेमुळे. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यात आहे, बहुतेक ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर होते. आमच्या इथल्या बचत गटाच्या बायकांनी हट्टाने ती शाळेत, संध्याकाळी घ्यायला लावली. तेव्हा नवीन पाइपलाइनचा नकाशा आलेला. तो भिंतीवर लावला तर एक बाई म्हणाली की ही लाइन आमच्या गल्लीत शेवटी येते, आमची गल्ली उंचावर, खालच्या सगळ्यांच्या तोट्या चालू असल्या की वर थेंब चढत नाही, आत्ताच चढत नाही तर नवीन लाइनला कसं चढेल. इंजिनिअरने पुढच्या आठवड्यात येऊन उतार मोजला आणि वरच्या भागाला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी वेळ दिली. ती बाई त्याआधी कधी सभेत एक शब्द बोललेली नव्हती, आणि पाणी रोज भरणारीच ती, तिच्याइतकं त्या गल्लीच्या चढाबद्दल कोणाला माहीत असणार.

आणि मोठ्यांपुढे चर्चा टिकते का म्हणाल, तर ओडिशातला नियमगिरी डोंगर बघा. बॉक्साइटच्या खाणीचा वाद, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की ग्रामसभांनाच विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी तो डोंगर आपला देव का आहे, त्यावर आपण कसे जगतो हे एकेकाने उभं राहून सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं.

तुमच्या गावापुरतं काय करता येईल ते सांगतो. एकदम सगळ्या गावाला सुधारायला जाऊ नका. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो, तो प्रिंट काढा आणि सभेच्या आधी आपल्या गल्लीतल्या चार-पाच जणांना दाखवा, बंधित निधी (म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा) किती आणि अबंधित किती एवढं जरी समजलं तरी प्रश्न बदलतात. तिथे नसलेलं माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपला विषय ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आधीच लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर तो 'ऐनवेळचे विषय' मध्ये जातो आणि त्याची वेळ येईपर्यंत लोक उठलेले असतात. विरोधी गटातलाही एखादा माणूस सोबत घ्या, नाहीतर तुमचा कागद खरा असला तरी तुमच्या गटाचा म्हणून ढकलला जाईल.

आणि सभेत पहिल्यांदा उठाल तेव्हा भाषण करू नका, आरोपही करू नका. एवढंच म्हणा की मागच्या सभेचं प्रोसिडिंग (म्हणजे इतिवृत्त) आधी मोठ्याने वाचून दाखवा. सभेची सुरुवात त्यानेच व्हायला पाहिजे, त्यामुळे कोणी नाही म्हणू शकत नाही आणि म्हटलं तर सगळ्या गावाला दिसतं. वाचताना तुम्ही न केलेले ठराव त्यात निघाले, न आलेल्या माणसांच्या सह्या निघाल्या, तर ते सांगायला तुम्हाला उठावं लागणार नाही, ज्याची सही आहे तो तिथेच बसलेला असतो.