घरातील ओल, भिंतीवरची काळी बुरशी आणि पाच वर्षांच्या मुलाचा रात्रीचा खोकला

आपण विचारले आहे की, खानापुरात भाड्याने घेतलेल्या जुन्या कौलारू घराच्या मागच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीवर काळे डाग येतात, पाच वर्षांच्या मुलाला जूनपासून रात्रीचा खोकला आहे, आणि घरमालक "पावसाळ्यात ओल सगळ्यांच्याच घरी येते" असे म्हणून गणपतीआधी खोलीला रंग लावून देण्याचे सांगतात. तर हा खोकला बुरशीमुळे आहे का, बुरशीची तपासणी करून घ्यावी का, आणि घर सोडावे का? मी बेळगावात लहान मुलांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. खानापूर, नंदगड, जांबोटी या बाजूची बरीच मुले पावसाळ्यात याच तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, खोकला बुरशीमुळे असू शकतो, आणि ही शक्यता बाजूला सारण्याइतकी लहान मुळीच नाही. परंतु मुलाची छाती ऐकल्याशिवाय कोणीही तसे खात्रीने सांगू नये. घराबाबत मात्र मी आत्ताच खात्रीने सांगू शकते की, भिंतीत पाणी कोठून येते हे शोधून ते थांबवल्याशिवाय केलेली कोणतीही रंगरंगोटी मुलाच्या उपयोगाची नाही.

बुरशीला वाढायला ओल आणि थोडेसे अन्न एवढेच लागते, आणि रंग, लाकूड, कागद, कापूस, भिंतीवर साचलेली धूळ हे सगळे तिचे अन्नच आहे. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते. तिचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म असतात आणि खोलीच्या हवेत तरंगत राहतात. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात, त्यामुळे मोठ्यांना जिथे नुसता घसा खवखवल्यासारखा वाटतो तिथे मुलाची नळी सुजून छातीतून सूं-सूं असा आवाज येऊ लागतो. काही मुलांना बुरशीची ॲलर्जी असते, तर काहींना ॲलर्जी नसतानाही ओलसर हवेतील कण आणि वायू यांनीच श्वसनमार्गाचा दाह होतो. शिवाय गादीत आणि वाकळेत राहणारे धुळीतले सूक्ष्म किडेही ओलीतच फोफावतात, म्हणून ओलसर खोलीत मुलाला एकाच वेळी अनेक गोष्टींचा त्रास होत असतो, आणि त्यातला बुरशीचा वाटा नेमका किती हे वेगळे काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा त्यांत दिला नाही. ओल आणि बुरशी मुळात होऊच देऊ नये, झाली तर काढून टाकावी, असेच सांगितले.

ओल थांबवल्याने मुलाला खरोखर फरक पडतो का, ही शंका अनेक पालक बोलून दाखवतात, कारण दुरुस्तीला पैसा लागतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात दमा असलेल्या आणि घरात बुरशी असलेल्या ६२ मुलांचा एक अभ्यास झाला, जो २००६ साली प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना उपचार आणि माहिती सारखीच दिली, पण निम्म्याच्या आसपास मुलांच्या घरांची गळती दुरुस्त करून ओले झालेले सामान काढून टाकले. दुरुस्तीनंतरच्या काळात त्या गटातील २९ मुलांपैकी एकाला दम्याचा तीव्र त्रास होऊन तातडीने उपचार घ्यावे लागले, तर ज्यांची घरे तशीच राहिली त्या ३३ मुलांपैकी ११ जणांवर ती वेळ आली. अभ्यास लहान आहे हे खरे; तरीही घराची दुरुस्ती हा उपचाराचाच भाग आहे, हे मला त्यावरून पटलेले आहे.

आता मुलाकडे वळू. खोकला कधी वाढतो हे नीट पाहा. मध्यरात्री किंवा पहाटे, हसल्यावर वा धावल्यावर खोकल्याची उबळ येते का, सकाळी उठल्याबरोबर शिंका आणि पाण्यासारखे नाक वाहते का, आणि मुख्य म्हणजे आजोळी किंवा दुसऱ्या कोरड्या घरी चार-आठ दिवस राहिल्यावर त्रास कमी होऊन परत आल्यावर वाढतो का, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. भिंतीचे मोबाइलवर काढलेले फोटोही सोबत न्या; मी स्वतः ते मागून घेते, कारण नुसते "घरात ओल आहे" या वाक्यावरून मला काहीच अंदाज येत नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी झाली पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि घरात कोणाला क्षयरोग होऊन गेला असेल तर ते न लाजता सांगावे. चुलीचा धूर, न्हाणीघरात पाणी तापवताना होणारा धूर, डासांची कॉइल, घरातल्या कोणाची विडी-सिगारेट आणि निपाणीकडच्या घरांत विड्या वळताना उडणारी तंबाखूची धूळ, यांनीही नेमका असाच खोकला होतो. हे सगळे चालू ठेवून बुरशीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगून पंप (इनहेलर) दिला तर तो घाबरून बंद करू नका. पंपाची सवय लागते ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिने मुलांचे फार नुकसान केले आहे. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याची मात्रा गोळी किंवा सिरपपेक्षा कितीतरी कमी असते. आणि एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी : श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा शांत असताना श्वास मिनिटाला ४० वा त्याहून अधिक होत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

काळे डाग पाहून आपल्याला २०२१ सालच्या त्या 'काळ्या बुरशी'ची आठवण झाली असेल, तर तेवढी भीती मनातून काढून टाका. कोविडनंतर पसरलेला म्युकरमायकोसिस हा वेगळ्या बुरशीचा आजार होता आणि तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या व स्टेरॉइडचे उपचार घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरची बुरशी काळी, हिरवट किंवा पांढरी कशीही असू शकते आणि रंगावरून तिचा धोका ठरत नाही. केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती अगदी क्षीण झालेले मूल घरात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अशा मुलाला त्या खोलीत एक रात्रही झोपवू नये. बुरशी कोणत्या जातीची आहे याची तपासणी मी सहसा सुचवत नाही, कारण उत्तर काहीही आले तरी करायचे काम तेच राहते, आणि तो पैसा गवंड्याच्या मजुरीला उपयोगी पडतो.

पाणी कोठून येते हे डागांची जागा आणि त्यांची वेळ यांवरून बरेचसे कळते. भिंतीच्या पायाकडून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि उन्हाळ्यातही तो पूर्ण जात नसेल, तर जमिनीतून ओल चढते आहे. वरच्या कोपऱ्यातून खाली ओघळ असतील तर कौल फुटले किंवा सरकले असेल, अथवा पन्हळ भरून पाणी भिंतीवर येत असेल. जांभ्या दगडाच्या, बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीवर पावसाचा झोत बसत असेल तर ती पाणी शोषून आत देते, आणि अशी घरे आपल्या भागात पुष्कळ आहेत. न्हाणीघराच्या मागच्या बाजूलाच डाग असतील तर नळ किंवा मोरी तपासावी. आणि कपाटामागे, पलंगामागे, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात ठिपके असतील तर बहुधा घरातलीच वाफ गार भिंतीवर जमत असते. खात्री करायची असेल तर फडक्याने पुसून कोरड्या केलेल्या जागी जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते, आणि बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतून येते. पांढरी, पिठासारखी भुकटी दिसत असेल तर तो बहुतेक लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार असतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. या क्षाराने खोकला होत नाही, पण भिंतीत पाणी आहे हे तो स्वच्छ सांगतो.

गणपतीआधी रंग लावण्याबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, तसे करू देऊ नका. श्रावण-भाद्रपदात भिंत आतून पूर्ण ओली असते, आणि तिच्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंग बसवला तर पाणी आत कोंडते, पुढे पोपडे सुटतात आणि त्यांच्याखाली बुरशी तशीच वाढत राहते. यंदा कौलांवर ताडपत्री टाकणे, पन्हळ साफ करणे, घराभोवती साचलेले पाणी चर काढून दूर नेणे एवढे करून घ्या. गिलावा खरवडणे, कौले परतणे, नवा गिलावा ही कामे भिंत वाळल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात करावीत. त्यानंतर जुन्या मातीच्या वा जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा हात देणे मला अधिक पसंत आहे, कारण चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतील ओलीला बाहेर पडायला वाव राहतो.

खिडक्या उघड्या ठेवा असा सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो, परंतु तो जसाच्या तसा आपल्याकडे लागू पडत नाही. थंड देशांत बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात पाण्याचा अंश कमी असतो, म्हणून ती आत येऊन तापली की घर कोरडे होते. खानापूर-कणकुंबीकडे जुलैत झड लागते तेव्हा बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. दिवसभर खिडकी उघडी ठेवल्याने खोली वाळत नाही. त्यामुळे स्वयंपाक आणि अंघोळ चालू असताना वाफ लगेच बाहेर जाईल अशी सोय करा, पाऊस उघडून ऊन पडले की सर्व दारे-खिडक्या उघडा, एरवी पंखा चालू ठेवा, आणि ओले कपडे मुलाच्या खोलीत मुळीच वाळत घालू नका. घरातील आर्द्रता मोजणारे लहान यंत्र फार महाग नसते. ती ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम, पण ऐन पावसाळ्यात आपल्या भागात ते नेहमी जमणार नाही, म्हणून निदान मुलाची झोपायची खोली घरातली सर्वांत कोरडी असावी. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढा. कुबट वास येणारी कापसाची गादी उन्हात घालून सुधारत नाही, ती बदलावी. २०१९च्या ऑगस्टमधील पुरानंतर चिकोडी-निपाणी भागातील अनेक घरांत भिजलेल्या गाद्या वाळवून पुन्हा वापरल्या गेल्या. नव्या गाद्या घेण्याची ऐपत नव्हती हे मी समजू शकते, तरी लहान मुलांना तरी त्यांवर झोपवू नये असे मी तेव्हाही सांगत होते.

डाग थोड्या जागेत, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढ्यात असतील तर ते घरीच साफ करता येतात. मुलाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, कोरडा ब्रश मारून भुकटी उडवू नका. साबणाच्या पाण्याने भिजवून घासा आणि मग फडक्याने पूर्ण कोरडे करा. ब्लीचची बहुधा गरज पडत नाही, आणि त्याच्या वासाने दम्याच्या मुलाला त्रास होतो. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड तर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरमालकांचे म्हणणे खरे असले, ओल सगळ्यांच्या घरी येत असली, तरी त्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे आवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये दगावले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी त्याचा श्वसनाचा गंभीर आजार घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झाल्याचा निष्कर्ष दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना बुरशीवर रंग लावा असे सांगण्यात आले होते. त्यानंतर २०२३ साली तेथे सामाजिक गृहनिर्माणातील (कमी भाड्याने घरे देणाऱ्या संस्थांच्या योजनांतील) घरमालकांना अशा तक्रारी ठरावीक मुदतीत दूर करणे बंधनकारक करणारा कायदा झाला. आपल्या मुलाचे तसे होईल असे मी म्हणत नाही. असे मृत्यू फार दुर्मीळ आहेत. पण घरमालकांना फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी कळवा, दुरुस्तीचा काही खर्च भाड्यातून वळता करण्याची तयारी दाखवा, आणि काम कधी होणार याची तारीख मागून घ्या. भांडण न करता असे लेखी मागितल्यावर अनेक घरमालक ऐकतात, असा माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा अनुभव आहे.

घर आजच्या आज सोडण्याची गरज बहुधा नाही. आधी मुलाचे अंथरूण पुढच्या खोलीत हलवा आणि मागच्या खोलीचे दार लावून ठेवा. मूल दुसऱ्या घरी गेल्यावर स्पष्टपणे सुधारत असेल, औषधे नियमित घेऊनही इथे रात्री जागावे लागत असेल, आणि उन्हाळ्यातही दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या जूनच्या आत घर बदला. नवे घर शक्यतो याच पावसाळ्यात पाहून ठेवा, कारण एप्रिलमध्ये प्रत्येक भिंत कोरडी दिसते. नुकताच रंग लावलेली एखादीच भिंत असेल तर तसे का केले ते विचारा, भिंतीतली कपाटे उघडून वास घ्या, आणि मूल जिथे झोपणार त्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याची मोरी किंवा पाण्याची टाकी नाही ना, हे बाहेरून फिरून पाहा.