बोटीच्या सीटला रेक्झिन कोणतं?

प्रश्न : प्रकाशा गावी तापी नदीत माझी बारा माणसांची बोट आहे. सीटचं रेक्झिन दोन उन्हाळ्यांत तडकलं, आतला फोम कुजला. आता काय बसवू?

उत्तर : भाऊ, रेक्झिनआधी फोम बघा. साधा फोम पाणी पितो. दुकानात तुकडा मागा, बादलीत दाबून पिळा. पाणी गळलं तर तो घेऊ नका. पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम घ्या; बसायला थोडा कडक, पण संगमापर्यंतच तर जायचंय.

वरून मरीन व्हिनाइल, म्हणजे बोटीसाठीचं, उन्हापाण्याला टिकणारं रेक्झिन. रंग फिका घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो; काळ्या सीटवर बसलेली म्हातारी तुम्हालाच शिव्या देईल.

दोरा पॉलिएस्टरचा. मी एकदा घाईत सुती दोऱ्याने शिवून दिलं, पोळ्याआधीच शिवण उसवली. पैसे परत केले, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. पिना स्टेनलेस स्टीलच्या. साध्या पिनांचा गंज कापडावर उतरतो. खालची फळी आयएस 710 (भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवुड, आणि तिला चार-सहा भोकं पाडायला विसरू नका. शिवणीतून पाणी शिरणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.