वाचकांचे प्रश्न : आजीची पुस्तिका काढताना

प्रश्न : आमची आजी ८७व्या वर्षी गेली. पहिल्या स्मृतिदिनाला छोटी पुस्तिका काढायची आहे. घरातल्या अकरा जणांकडून आठवणी मागवल्या, तर सगळ्यांनी एकच लिहिलंय : प्रेमळ, कष्टाळू, सढळ हाताची. आता काय करावं?

उत्तर : ‘जरा सविस्तर लिहा’ म्हणून लेख परत पाठवू नका. तसं केलं की विशेषणं दुप्पट होऊन येतात. चूक लिहिणाऱ्यांची नाही, ‘आठवण लिहून द्या’ हा प्रश्नच फार मोठा आहे. एकेकाला फोन करा आणि बारीक विचारा. पैसे मागितले तर आजी ते कुठून काढायच्या? देताना काय म्हणायच्या? परत करायला गेलं तर? नाही कुणाला म्हणाल्या, आणि का? ‘दानशूर होत्या’ यातून काहीच दिसत नाही. ‘नोटेच्या चार घड्या करून मुठीत कोंबायच्या आणि लगेच दुसराच विषय काढायच्या’ यात बाई समोर उभी राहते. आजींचा रागही मजकुरात येऊ द्या, नुसत्या गोडव्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

बोलणं सांगून रेकॉर्ड करा. वीस मिनिटांचं बोलणं उतरवायला दीड-दोन तास सहज जातात, तेव्हा माणशी तेवढंच पुरे. त्यातून १५० ते २५० शब्द निवडा. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवा. शुद्धलेखनाच्या नावाखाली त्यांची बोली पुसू नका.

खरी माहिती मात्र बहुतेकदा घराबाहेर असते. असं देणं घरच्यांनाही न कळता चालतं, म्हणून ज्यांना मिळालं त्यांनाच विचारावं लागतं. इथे जपून. कुणाची फी भरली, कुणाचं कर्ज फेडलं, हा मजकूर त्या माणसाला आधी वाचून दाखवा आणि होकार लेखी घ्या. नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘समोरच्या घरातल्या धाकट्याची फी’ असं छापलं की ओळखणारे ओळखतातच. आजींनी जे झाकून केलं ते आपण उघडं करायचं नाही. नाव, घर, नातं तिन्ही काढून फक्त कृती ठेवा.

प्रश्न : जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेत. ओढले तर फाटतील का?

उत्तर : फाटतील, निदान कोपरे तरी दुमडतील. दात साफ करायचा दोरा, तोही मेण नसलेला, एका कोपऱ्यापासून फोटोच्या मागे करवतीसारखा हळूहळू सरकवा. अडला की थांबा. पाणी लावू नका. निघतच नसेल तर वरचं प्लास्टिक उचलून पानासकट त्या फोटोचाच फोटो घ्या : खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, कॅमेरा पानाला समांतर.

सुटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. छपाईला ३०० लागतात, म्हणजे दोन बाय तीन इंचांचा फोटो चार बाय सहा इंचांपर्यंत नीट वाढतो. व्हॉट्सॲपवर फोटो मागवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, एरवी तो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा धुरकट दिसतो. मागे नावं लिहायला बॉलपेन नको, मऊ पेन्सिल. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत ठेवा.

प्रश्न : तिच्या आवाजाची एक कॅसेट सापडली आहे.

उत्तर : वाजवण्याआधी वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिक पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. पहिल्यांदा वाजवतानाच डिजिटल प्रत घ्या. जुनी फीत दुसरी संधी देईलच असं नाही.

प्रश्न : दोन कागदांवर दोन जन्मसालं आहेत. कोणतं छापावं?

उत्तर : जो कागद जन्माच्या जास्त जवळच्या काळातला, तो धरा. तोही डळमळीत वाटला तर सालाआधी ‘सुमारे’ लिहा. पूर्ण जन्मतारीख आणि कागदपत्रांचे क्रमांक छापू नका, त्यांचा गैरवापर होतो.

प्रश्न : मजकूर २२ पानांचा झालाय. चालेल?

उत्तर : मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. २० करा, नाहीतर २४. दोन पानं उरलीच तर मोठा फोटो टाका, भरतीचा मजकूर नको. प्रूफ मात्र कागदावरच तपासा. युनिकोडमधला, म्हणजे मोबाइल-संगणकावर आपण एरवी टाइप करतो तो मजकूर छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार सरकतो आणि जोडाक्षरं फुटतात. ‘सूर्यकांत’, ‘कृष्णा’ अशा नावांना पहिला फटका बसतो. एकाने मूळ मजकुरातली नावं मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवत जावं. फोटोंखालच्या ओळीही त्यात धरा, नेमक्या त्याच तपासायच्या राहून जातात.