एकच लिनक्स बरोबर घेऊन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर चालवता येतं का?

घरचा डेस्कटॉप, ऑफिसचा पीसी आणि भावाचा लॅपटॉप, या तिन्हींवर एकाच पेन ड्राइव्हवरचं लिनक्स चालेल का आणि पेन ड्राइव्ह कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. चालतं. मी २०१८ पासून चालवतोय. पेन ड्राइव्ह मात्र कोणताच घेऊ नका. बारीक बारीक फायली सतत लिहिताना तो रखडतो. अडीच इंची एसएसडी आणि यूएसबी ३ ची केस घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही एकाच फेरीत मिळतात. लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता नुसतं चालवायचं लिनक्स, नको; डिस्कवर पूर्ण इन्स्टॉल करा.

आणि ते दुसऱ्याच्या मशीनवर बसून करू नका. हे मला २०१८ च्या जूनमध्ये कळलं.

माझ्याकडे तेव्हा लॅपटॉप नव्हता. काकांचं लालबागला हिशेबाचं आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि एक पीसी. शनिवारी संध्याकाळी त्यांना विचारून मी तिथे बसलो, एसएसडी लावली आणि इन्स्टॉलर चालवला. बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सिस्टिम उचलणारा छोटा प्रोग्राम, कुठे टाकायचा या यादीत मी माझीच डिस्क निवडली होती, दोनदा बघून. सगळं नीट झालं. डिस्क काढली, पीसी बंद केला आणि घरी गेलो.

सोमवारी १८ तारखेला मी गाडीत असताना काकांचा फोन. "अरे, विंडोज येतच नाही. काळा पडदा आहे, वर 'ग्रब' असं काहीतरी लिहिलंय." रिटर्नची मुदत २० ची. मी म्हटलं, हात लावू नका, दोन तासांत पोचतो. पोचेपर्यंत त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या रिपेअरवाल्याला बोलावलं होतं आणि त्याने "पार्टिशन उडालंय" म्हणून फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं होतं. टॅलीचा शेवटचा बॅकअप ३१ मेचा. जूनच्या सगळ्या एंट्र्या गेल्या, आणि मेच्या रिटर्नसाठी जुळवून ठेवलेले एक्सेलचे तक्तेही. दोन रात्री काका बिलं वाचून दाखवत होते आणि मी एंट्री करत होतो. करी रोड स्टेशनहून शेवटची गाडी पकडून घरी. रिटर्न वेळेत गेलं, पण त्या वर्षी गणपतीत सगळ्या नातेवाइकांसमोर काका म्हणाले, "याच्या लिनक्सने माझा डेटा खाल्ला."

खाल्ला नव्हता. झालं होतं ते असं. त्या इन्स्टॉलरने माझी निवड मानलीच नाही. पीसीच्या आतल्या डिस्कवर जे ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायची छोटी जागा) दिसलं त्यातच त्याने ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकला आणि मदरबोर्डच्या बूट यादीत त्याला पहिला नंबर दिला. ग्रबची पुढची सगळी माहिती माझ्या एसएसडीवर आणि एसएसडी माझ्या घरी. म्हणून तो काळा पडदा. विंडोजचा बूटलोडर त्याच पार्टिशनमध्ये जागेवर होता. सुरू होताना एफ१२ दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं असतं, तर पाच मिनिटांत टॅली उघडली असती. पीसी थांबला माझ्यामुळे, हे मी तेव्हाही मान्य केलं. पण डेटा पुसला तो फॉरमॅटने.

म्हणून सांगतो, इन्स्टॉल करताना आतल्या डिस्कची केबल काढा. लॅपटॉप उघडता येत नसेल, तर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) ईएफआय मोडमध्ये चालवून त्याला फक्त बाहेरची डिस्क दाखवा. ग्रब 'रिमूव्हेबल' पर्यायाने टाका, म्हणजे तो ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ या नावाने बसतो. मदरबोर्डच्या यादीत नोंद नसली तरी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमधलाच प्रोग्राम, बाहेरच्या डिस्कवर हीच फाइल शोधतं. मग डिस्क काढून तो कॉम्प्युटर एकदा स्वतःचा स्वतः सुरू करून बघा आणि मगच खुर्चीवरून उठा. त्या शनिवारी मी एवढं केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाकी काम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, करतो. प्रत्येक वेळी सुरू होताना तो समोरचं हार्डवेअर ओळखून लागतील ते ड्रायव्हर उचलतो. डेबियन हा लिनक्सचा प्रकार असेल तर इनिटरॅमएफएसची (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा) 'मोस्ट' ही मूळ सेटिंग बदलू नका. 'डेप' केलंत तर फक्त त्याच मशीनचे ड्रायव्हर आत जातात. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात तोच गठ्ठा बनवणाऱ्या ड्रॅकटचं होस्ट-ओन्ली बंद करा. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर टाकू नका, नूव्हो या लिनक्समधल्याच मुक्त ड्रायव्हरवर भागवा. वायफायचं फर्मवेअर डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतं. डिस्क लोकलमध्ये खिशातून फिरणार, तेव्हा लक्स एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय, हवंच.

घड्याळाचं राहिलं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ. तुम्ही डिस्क काढून निघालात की विंडोजमधली वेळ साडेपाच तास मागे गेलेली दिसते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने हार्डवेअर घड्याळ लोकल वेळेवर ठेवा.

ऑफिसचा पीसी कंपनीचा असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय डिस्क लावू नका. भावाचा लॅपटॉप एम१ किंवा त्यानंतरचा मॅक असेल तर तो यादीतून काढा, त्याचा प्रोसेसरच वेगळा. विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सेटिंग) किंवा बूट क्रम बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, ती आधीच कागदावर उतरवून घ्या. काकांच्या नव्या लॅपटॉपची की मी त्यांच्या वहीत लिहून दिलीय. डिस्क मात्र ते अजून लावू देत नाहीत.