शब्दचर्चा : मे १९२० चे आर्मेनियातील ‘बंड’ की ‘उठाव’?

मे १९२० मध्ये आर्मेनियाच्या नवजात प्रजासत्ताकाविरुद्ध बोल्शेविकांनी (कम्युनिस्टांनी) जे केले त्याला ‘बंड’ म्हणावे, ‘उठाव’ म्हणावे की ‘क्रांती’, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

‘क्रांती’ येथे बसत नाही, कारण मराठीत हा शब्द व्यवस्था खरोखर पालटली, किंवा निदान पालटल्याचा दावा टिकला, तेव्हाच शोभतो. उरलेल्या दोन शब्दांची निवड मात्र सोपी नाही. ‘बंड’ हा शब्द, नाविकांच्या बंडाप्रमाणे, जो हुकमाखाली आहे त्याने हुकूम झुगारणे सुचवतो. आणि अलेक्सांद्रोपोल, म्हणजे आजच्या ग्युमरी, येथे सार्गिस मुसायेल्यान याच्या हाताखालील चिलखती आगगाडी सरकारविरुद्ध उभी राहिली, तेवढ्या प्रसंगापुरता तो अचूक आहे. परंतु मे दिनाच्या निदर्शनांपासून सुरू होऊन क्रांतिकारी लष्करी समितीच्या स्थापनेपर्यंत गेलेली ही चळवळ केवळ सैनिकांची नव्हती. म्हणून संपूर्ण घटनेसाठी मी ‘उठाव’ हाच शब्द घेईन. (‘मालाला उठाव नाही’ यातला उठाव वेगळा, जरी या उठावालाही पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही, असे गमतीने म्हणता येईल.)

क्रियापदाची निवडही तितकीच बोलकी आहे. ‘फसला’ म्हटले की दोष उठावाच्या अंगचा ठरतो, तर ‘मोडून काढला’ म्हटले की श्रेय आर्मेनियाचे पंतप्रधान हामो ओहांजान्यान यांच्या सरकारकडे जाते. येथे दोन्ही खरे आहे : एप्रिलअखेरीस शेजारच्या अझरबैजानातील बाकूत शिरलेली लाल सेनेची (सोव्हिएत रशियाच्या सैन्याची) अकरावी फौज बंडवाल्यांच्या मदतीला आली नाही, आणि सत्ताधारी दाश्नाक पक्षाच्या ब्यूरोने, म्हणजे सर्वोच्च मंडळाने, मंत्रिमंडळाचा ताबा घेऊन सैन्य पाठवल्यावर मेच्या मध्यालाच अलेक्सांद्रोपोल परत सरकारच्या हाती आले. पुढे मुसायेल्यानसह काही नेत्यांना मृत्युदंड दिला गेला.

‘बंडाळी’ आणि ‘फितुरी’ हे शब्द मात्र टाळावेत, कारण त्यांत सरकारची बाजू आधीच घेतलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबर १९२० मध्ये तेथे सोव्हिएत सत्ता आली आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये तिच्याच विरुद्ध लोक उठले, त्यांनी येरेवान काही आठवडे ताब्यातही ठेवले. मे महिन्यातल्या घटनेला जो ‘बंडाळी’ म्हणेल, त्याला फेब्रुवारीतल्या घटनेलाही तेच नाव द्यावे लागेल. ‘उठाव’ दोन्हीकडे चालतो.