बंड्याचं इन्सुलिन परवडतं, मार्चचा हप्ता परवडत नाही

प्रश्न: मी लातूरला एका शिकवणी वर्गात हिशेब बघते, पगार २२ हजार. मिस्टरांचं औशाला कृषी सेवा केंद्र आहे, वर्षाची सरासरी काढली तर महिना ३५ हजार पडतात. त्यांचं वय ४८, मुलगी अकरावीला. आमच्या बोक्याला, बंड्याला, चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. आता डॉक्टर जुनं इन्सुलिन बंद करून ग्लार्जिन सुरू करू म्हणतात. महिन्याला दीड-दोन हजार जास्त लागतील. दोन महिन्यांत इन्सुलिन सुटूही शकतं, असं ते म्हणाले. तोवर ३ हजारांची एसआयपी थांबवू की दीड लाखाची एफडी मोडू? मांजरावर एवढा खर्च म्हणून घरात बोलणी खाते आहे. तसं आमच्यावर कर्ज नाही. फक्त पॉलिसीच्या हप्त्यासाठी दोन वर्षं दागिने ठेवून सोनेतारण केलंय, १ लाख २० हजारांचं. मिस्टरांनाही शुगर आहे, गोळी चालू आहे.

उत्तर: ताई, इन्सुलिन बदला. त्यासाठी एसआयपी थांबवायची गरज नाही. एफडी मात्र मोडा, पण बंड्यासाठी नाही.

आधी त्याचा हिशेब उरकू. ग्लार्जिनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, ३०० युनिट असतात. बंड्याला दोन वेळा दोन-दोन, म्हणजे दिवसाला चार युनिट. कागदावर एक कार्ट्रिज अडीच महिने पुरेल. पण उघडल्यावर २८ दिवसच वापरा असं कंपनी सांगते, म्हणून महिन्याला एक धरा. तुम्ही लिहिलेल्या भावाने सहा-सातशे. खरा खर्च रक्त तपासायच्या पट्ट्यांचा. रोज दोन म्हटलं तरी महिन्याला हजार-अकराशे. एकूण वर्षाला वीस-बावीस हजार.

दोन महिन्यांत इन्सुलिन सुटेल, हे बजेटमधून खोडा. काही मांजरांचं सुटतं, हे खरं आहे. निदान झाल्यावर लवकर साखर ताब्यात आली आणि खाण्यातलं पीठ-पोळी बंद झालं, तर शक्यता वाढते. पण त्या आशेवर पैशाचं गणित मांडायचं नसतं. तीन वर्षं चालेल असं धरा. लवकर सुटलं तर आनंदच आहे.

आणि एक गोष्ट माझ्या विषयाबाहेरची असली तरी लिहितो. तुमची जुनी बाटली मिलीला ४० युनिटची आहे, तिची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन मिलीला १०० युनिटचं, त्याला केशरी टोपणाची लागते. सवयीने लाल सिरिंज उचलून दोनच्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलंत, तर बोक्याच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातील. साखर एकदम उतरेल, झटके येतील, जीवही जाऊ शकतो. नवीन इन्सुलिन घरात येईल त्या दिवशी उरलेल्या सगळ्या लाल सिरिंज घरातून बाहेर काढा. डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता तुम्ही "तसं कर्ज नाही" म्हणून ज्यावरून पुढे गेलात, तिथे येऊ. १ लाख २० हजार, महिना सव्वा टक्का. म्हणजे महिन्याला दीड हजार व्याज, वर्षाला १८ हजार. बंड्याच्या नव्या खर्चाच्या जवळपास तेवढंच. बोलणी मांजरावरून होतात, आणि तेवढेच पैसे दागिन्यांवर गुपचूप जातात, त्यावर कुणी बोलत नाही!

हे व्याज कशापायी? तुम्ही पाठवलेली मिस्टरांच्या पॉलिसीची कागदं पाहिली. हप्ता वर्षाला ६० हजार, मुदत २० वर्षं, विमा रक्कम १२ लाख, सात हप्ते भरून झाले. "बारा भरा, बावीस घ्या" असं सांगून विकली. वीस वर्षांत बारा लाखांचे बावीस म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास परतावा. साडेपाच मिळवण्यासाठी तुम्ही पंधरा टक्क्यांनी पैसे उचलताय. हप्ता मार्चमध्ये का, तर टॅक्स वाचतो म्हणून. कृषी केंद्राची उधारी सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे वसूल होते, आणि मे महिन्यात बियाणं-खत भरायला पुन्हा पैसा लागतो. अशा घराला मार्चचा हप्ता लावणाऱ्याने कमिशनपलीकडे काही बघितलेलं नाही. तुमच्या उत्पन्नावर वाचण्यासारखा टॅक्सही नव्हता.

आणि एवढं करून मिस्टर उद्या नसले तर हातात बारा लाख आणि थोडा बोनस. मुलीचं शिक्षण, दुकानाची देणी, घर, सगळं त्यात? आरोग्य विमा तर नाहीच. शुगर असलेल्या ४८ वर्षांच्या माणसाच्या घरात ही खरी काळजीची गोष्ट आहे. बंड्याची साखर दिवसातून दोनदा बघता. मिस्टरांची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी शेवटची कधी केली, ते पत्रात नाही.

तर क्रम असा. एफडी मोडून सोनेतारण फेडा, दागिने घरी आणा. सात टक्के कमावणारा पैसा पंधरा टक्क्यांच्या कर्जाशेजारी पडू देऊ नका. उरलेल्या तीस हजारांना हात लावू नका. सुटलेल्या दीड हजारात इन्सुलिन बदलतं, वरचे थोडे पगारातून.

मग मिस्टरांची तपासणी आणि ५० लाखांच्या टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, अर्ज. शुगर आहे, गोळी चालू आहे, सगळं खरं लिहा. "लिहू नका, मी बघतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, क्लेम अडतो तो तिथेच. हप्ता जास्त सांगतील, पंचवीस-तीस हजार धरा. तिघांचा दहा लाखांचा आरोग्य विमा तीस-पस्तीस. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसींवर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. दोन्ही मिळून पंचावन्न ते पासष्ट हजार. तुमचा मार्चचा हप्ता तेवढाच होता.

जुनी पॉलिसी मोडू नका, पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवा. वीसपैकी सात हप्ते भरलेत, म्हणजे १२ लाखांचे ४ लाख २० हजार आणि आजवरचा बोनस धरून साधारण सव्वासात लाख मुदतीला मिळतील. आज मोडली तर अडीचेक लाख हातात येतील. त्यांचे तेरा वर्षांत सव्वासात करायला साडेआठ टक्के लागतात, एफडीत ते होणार नाही. नेमके आकडे शाखेतून लेखी घ्या. पण नवा टर्म विमा हातात पडल्याशिवाय जुना हप्ता थांबवायचा नाही. शुगरमुळे कुणी टर्म विमा नाकारलाच, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा गणित वेगळं होईल.

एजंट मिस्टरांचा मावसभाऊ आहे, नातं बिघडेल, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पेड-अप करायला त्याची सही लागत नाही. मिस्टरांनी स्वतः शाखेत जाऊन अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.